सांधा नसलेला हार

१७ एप्रिल १९८३, शहापूर
शेजारच्या शकूचं लग्न १३ मेला ठरलं. लग्नात तुझ्या हातचाच मण्यांचा हार घालीन, असं तिनं मला शाळेत असताना कबूल केलं होतं. आता मदतीला म्हणून एकोडीहून तिची मामेबहीण मंगला आली आहे. तीही क्रोशानं हार विणते. शकू म्हणाली, दोघीही करा, जमेल तो घालीन.
माझी हरकत नाही. फक्त नोंद.

१९ एप्रिल
मंगला सुईकडे बघत नाही, मणी मोजत नाही आणि सारखी बोलते. शकू हसते. माझ्या बोलण्यावर ती अठरा वर्षांत एवढी हसलेली नाही. अर्थात मी विनोद करत नाही.

२० एप्रिल
आयटीआयचं शिक्षण वापरायचं ठरवलं. शकूची मान टेपनं मोजली: ३२ सेंमी. वरठीला, आमच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात, व्हर्नियरवर मणी मोजला: ३ मिमी, दोऱ्याचा टाका धरून ३.३३. जेवणाच्या सुट्टीत ग्राफ पेपरवर ड्रॉइंग केलं. एका फेरीत ९६ मणी, फेऱ्या चार, एकूण ३८४. पूर्ण गोल. सांधा नाही. सांधा म्हणजे कमकुवत जागा.

२४ एप्रिल
सगळे मणी दोऱ्यात ओवून झाले. उद्यापासून विणणार.
मंगलाचा हार तयारही झाला. एका टोकाला दोऱ्याची कडी, दुसऱ्या टोकाला चक्क शर्टाचं बटण. पोरकट. शकूनं तो दिवसभर घातला होता. ट्रायल असावी.
निश्चय: मंगलाबद्दल यापुढे लिहायचं नाही.

२५ एप्रिल
शकूच्या केसांना आता मंगला तेल लावते. ते काम माझं होतं. ती तेल जास्त लावते.

२ मे
दोन फेऱ्या उसवल्या. एक मणी जास्त झाला होता. मंगला म्हणे, "कायले उसवून राहिल्या ताई? मोजाले कोण येते?"
मी म्हटलं, मी.

९ मे
हार पूर्ण. बरोबर ३२. मंगलानं तो उलटसुलट करून पाहिला आणि दोनदा विचारलं, "ताई, याले बटन नाही लावत काय?"
हेवा वाटत असावा. साहजिक आहे. तिच्याशी सौम्यपणे वागायचं ठरवलं.
शकूला आधी घालून बघू देणार नाही. थेट लग्नात.

१३ मे
हार शकूच्या डोक्यावर चुंबळीसारखा बसला. दाबला, तरी कानापर्यंतही आला नाही. कुणीतरी म्हणालं, आता घागर आणा. शकूची आई, कौशल्याबाई, म्हणाल्या, "एवढी शिकलेली पोरगी! मान मोजली, अन् डोस्कं मोजाचं राहून गेलं!"
सगळ्या बायका हसल्या. शकू हसली नाही. आज कारण होतं, तरी हसली नाही.
मंगलानं कात्री घेतली. माझा हार कापला, टोकं सुईनं पक्की केली, स्वतःच्या हाराचं बटण काढून माझ्या हाराला लावलं. वेळ: सात मिनिटं. नऊ मणी मांडवात सांडले.
शकूनं माझा हार घातला.

१५ मे
मंगला एकोडीला परत गेली. तुझं बटण मी भरून देईन, असं तिला एसटी स्टँडवर सांगितलं. "राहू द्या ताई," म्हणाली. "द्याचंच असन तर आधी मोजून घ्या."

२९ मे
सासरहून शकूचं पहिलं पत्र. माझ्या नावानं. चार ओळी. हार सगळ्यांना आवडला. जावेनं दोनदा मागितला, दिला नाही. मंगलाला कळव, बटण अजून घट्ट आहे.
हारात आता ३७५ मणी आहेत. बटण एक.