पंपावरचं झेंडूचं फूल

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५
खंडेनवमी! आज यंत्रांना विश्रांती. पण आमचा आरओ प्लांट थांबवणार कसा? वर डायलिसिसच्या बारा खुर्च्या त्याच्याच पाण्यावर चालतात. गंगाधरकाका म्हणाले, "किर्ती, त्या छोट्या पंपाला तरी तासभर बसू दे." काका जानेवारीत रिटायर होतील, प्लांट मला त्यांनीच शिकवला. हा पंप पाण्यात थेंब थेंब औषध सोडतो, मग मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यावर, क्षार बसत नाहीत. मीच बंद केला. हळदकुंकू, झेंडू. पेढे मस्त होते.

सोमवार, ६ ऑक्टोबर
टँकरचं पाणी, फारच जड. लॉगबुक दोन मिनिटांत भरलं — सगळीकडे बरोबरच्या खुणा.

शनिवार, ११ ऑक्टोबर
प्रेशर चढतंय, पाणी कमी येतंय. काकांना म्हटलं, टँकरवाल्याचाच दोष. त्याला चार शिव्याही घातल्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
मेम्ब्रेन उघडलं. बंबात साचतो तसा पांढरा थर! काकांनी पंपावरचं वाळकं फूल उचललं, माझ्याकडे पाहिलं. स्विच बंदच. तेरा दिवस! आणि लॉगबुकात रोज माझ्या अक्षरात — पंप चालू.

अ‍ॅसिडने धुवायला दोन दिवस लागणार. पेशंटांची परळमध्येच दुसरीकडे सोय लावली. शिवडीची नलूमावशी तेवढी अडून बसली. "तिकडच्या पोरींना माझी नस गावत नाय गो. मी परवा येते." पाय सुजलेले. जिना उतरताना दोनदा थांबली.

काकांनी ऑफिसात लिहून दिलं, ‘पंप मी बंद केला, परत लावायला विसरलो.’ मला म्हणाले, "माझे तीन महिने उरलेत. तुझी अख्खी नोकरी पडलीय." मी तो कागद जाऊ दिला. लाज वाटली. हायसंही वाटलं — ते जास्त वाईट.

बुधवार, १५ ऑक्टोबर
थर सुटतोय. नलूमावशीला फोन केला. दम लागतोय म्हणाली. म्हटलं, आत्ताच्या आत्ता जवळच्या हॉस्पिटलात जा! "उद्या तुझ्याकडे येतेच ना गो."

गुरुवार, १६ ऑक्टोबर
प्लांट सुरू झाला. पाणी चोख. नऊ वाजता नलूमावशीच्या मुलाचा फोन — पहाटे गेली.

काकांचा कागद ऑफिसातून परत मागितला. नवा लिहिला, माझ्या नावाने.