हिबाची साइट, माझी सही

५ जाने. ०९, सोम.
सकाळी सहा ते अकरा लाइट नव्हती. माझ्या कॉम्प्युटर क्लासची पहिली बॅच बुडाली, पोरं टायपिंगचं पुस्तक बघत बसली. अकराला मेल उघडला. ज्या अमेरिकन कंपनीकडं आपली साइट ठेवलीय तिचा. अकाउंटमध्ये सुदानमधून लॉगिन होतंय, तो देश निर्बंधांच्या यादीत आहे, वापर कुठून होतो ते कळवा.
लॉगिन हिबाचं. औरंगाबादला होस्टेलात तीन वर्षं रूममेट, आता खार्टूमला घरी. तिला तिकडून साइट घेताच येत न्हाई, फॉर्ममध्ये तिचा देशच नसतो. म्हणून माझ्या नावानं घेतली. पत्ता हिंगोली.

७ जाने.
हिबाला मेल केला. चॅट जमत न्हाई, ते सॉफ्टवेअर तिकडं डाउनलोड होत न्हाई. 'तुमच्या देशात उपलब्ध नाही.' साध्या अँटिव्हायरसचंही तेच.
तिचा भाऊ पेपरात आहे. छापायच्या आधी सरकारी माणूस येतो, पानं बघतो, नको ते काढायला लावतो. काढलेलं हिबा साइटवर टाकते. आत्तापर्यंत ६६ लेख. सगळे अरबीत, मला एक अक्षर कळत न्हाई. डिझाइन माझं. वरची हिरवी पट्टी भारी दिसते.
निर्बंध त्याच सरकारवर आहेत, जे हे लेख काढायला लावतं.

८ जाने.
पप्पांना विचारलं. तहसीलसमोर सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितात, त्यांना विचारायचं न्हाई तर कुणाला. म्हणाले, "हकीकत सगळी लिहायची, बाई. सायबापाशी झाकून ठेवलं की अर्ज गेला."
दोन पानं इंग्रजी लिहिलं. हिबा कोण, भाऊ कोण, काय काय कापतात, साइट बंद पडली तर फायदा कुणाचा. शेवटी 'तरी मेहरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा' याचंसुद्धा इंग्रजी केलं. मराठीत सांगत पप्पांना ऐकवलं. "बराबर हाय. टाकून दे."
टाकला. खरं सांगायचं तर फार छान वाटलं.

१० जाने., शनि.
साइट बंद.
उत्तर चार ओळींचं. वापरणारी व्यक्ती सुदानमध्ये राहते याची खात्री तुम्ही स्वतः दिल्याबद्दल धन्यवाद.
त्यांना एक ओळ पाहिजे होती. मी दोन पानं दिली.
पप्पा: "अपील?"
"न्हाई."
"काहून? वरचा कुणी सायब असंलच की."
"वरचा म्हणजे अमेरिकेचं सरकार."
पप्पांनी चहा संपवला. "आपल्याकडं नायब तहसीलदार तरी भेटतो."

१३ जाने.
भोगी. आईनं भाकरीवर तीळ लावले, मी दोन जास्तच खाल्ल्या.
हिबाला कळवलं. माझ्या अर्जाचंही सांगितलं. तिचं उत्तर आलं. भावाचा कॉम्प्युटर मागच्या महिन्यात पेपरच्या ऑफिसातून उचलून नेला. मूळ लेख कुठंच न्हाईत, साइटवर होते तेवढेच. तुझ्याकडं कॉपी असेल ना?
माझ्याकडं कशाला असेल. मी फक्त पट्टी केली.

१६ जाने., शुक्र.
कंपनीचा परत मेल. २५ तारखेला सगळं पुसणार. अकाउंट माझं, मी भारतात, म्हणून मला कॉपी घेता येईल. अट: यातलं काही सुदानमधल्या कुणालाही पाठवणार न्हाई, अपलोड करणार न्हाई, देणार न्हाई, असं लिहून सही.
पप्पांना पूर्ण वाचून दाखवलं.
"जे म्हणलंय ते पाळणार असशील तर कर. सही करून मग रडणारे मी रोज बघतो."
न्हाई केली तर २५ ला कुणाकडंच न्हाई. केली तर माझ्याकडं, हिंगोलीत. वाचता न येणाऱ्या माणसाकडं.

१७ जाने.
केली. स्कॅन करून पाठवली. कॉपी उतरवताना दोनदा लाइट गेली, तिसऱ्यांदा जमलं. ६६ च्या ६६. सीडी केली.

१९ जाने.
हिबाला लिहिलं: आहेत. पाठवता येत न्हाईत.

२१ जाने., बुध.
तिचं उत्तर. 'तू पण?' एवढंच.
क्लासमध्ये एक्सेल शिकवलं. दोनदा तीच ओळ सांगितली, पोरं हसली.

२२ जाने.
एका लेखाची प्रिंट काढून टेबलावर ठेवली होती. कशाला काढली माहीत न्हाई. पप्पा सकाळी ती तहसीलला घेऊन गेले. शेजारच्या टेबलावर रशीदचाचा बसतात, स्टँप विकतात, सकाळी मशिदीत लेकरांना कुराण शिकवतात. त्यांनी मोठ्यानं अर्धं पान वाचलं म्हणे, भोवती माणसं गोळा झाली. "पढ लेता मैं. माने नै मालूम."
पप्पा हसत सांगत होते. मी त्यांना थांबवलं.
पाठवणार न्हाई, अपलोड करणार न्हाई, देणार न्हाई. फोनवर वाचून दाखवणार न्हाई, असं कुठंय?
पप्पा मफलर काढत म्हणाले, "लिहिणाऱ्याला सुचलं न्हाई म्हणून मोकळीक होते का?"
"मग नको करू?"
"मी म्हणलो का तसं? सही तुझी हाय."
हिबाला मेल केला: उद्या तीनला घरच्या फोनवर फोन कर. वही घेऊन बस.

२३ जाने., शुक्र.
जुम्म्याची नमाज करून चाचा आले. चष्मा पुसला, रिसीव्हर धरला, सलाम केला. वाचायला लागले. हळू. "ज़ेर-ज़बर नै है बेटा इसमें, अटकता." म्हणजे कुराणात असतात तशा काना-मात्रेच्या खुणा. हिबा तिकडून शब्द दुरुस्त करत होती. एका ओळीला दोन-तीन मिनिटं.
मधेच चाचा थांबले. रिसीव्हरवर हात ठेवला.
"पीछे कोई आदमी बोल रहा. मैं पढने के पैलेच बोल रहा, जो आगे लिखा हय वोच."
भाऊ.
चाचा परत वाचायला लागले, जरा जोरात. दुसऱ्या पानाच्या मध्यावर लाइन कटली. परत आली न्हाई.
"हय क्या इसमें?" चाचांनी विचारलं.
हिबानं सुरुवातीला मला सांगितलं होतं. सरकारी दवाखान्यात चार दिवस पाणी नव्हतं, बाळंतिणींनी घरून घागरी आणल्या.
"बस? इतनाच?" चाचा प्रिंटकडं बघत राहिले. "ये तो अपने यहाँ पेपर में रोज आता."
पप्पा सगळा वेळ ओट्यावर बसून होते. आत आले न्हाईत.

२५ जाने., रवि.
आज पुसणार होते. पत्ता टाकून बघितला. पान सापडत न्हाई.
हिबाचा मेल: पुढच्या शुक्रवारी तीन?
दुपारी चाचांचा निरोप, पप्पांमार्फत. राहिलेलं दीड पान आणि पुढचा लेख आधी पाठव, घरी दोनदा वाचून येतो, अटकायला नको.
प्रिंट काढल्या. पप्पांनी पिशवी पुढं केली. "देतेस का?"
एकदा झालं, पण आता दर शुक्रवारी म्हणजे त्या सहीचं काय? उद्या सांगते म्हणलं. उद्या २६ जानेवारी, तहसील बंद. म्हणजे परवा.