तिसरा निळा

३ फेब्रुवारी
सीतेचा कागद मी ‘ठीक’ म्हणून लिहिला आणि आज ती दवाखान्यात आहे. साखर तीनशे चाळीस. पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती. चूक कुणाची ते सापडेपर्यंत रोजच्या रोज लिहायचे.

सीता माझ्याकडे आठ महिने स्वयंपाकाला येते. कागद मेधाचे — माझ्या बहिणीची मुलगी, विद्यानगरला कॉलेजात शिकवते. गाळणकागदावर मेणाचे वर्तुळ, आत औषध सुकवलेले. लघवीचा एक थेंब टाकायचा, तीन मिनिटे थांबायचे. साखर असेल तर निळा होतो. जितकी जास्त तितका गडद. रंगपट्टीवर चार चौकोन. तिसरा किंवा चौथा आला की दवाखान्यात धाडायचे. एक कागद अर्ध्या चहाहून स्वस्त!

वाचायचे काम मी मागून घेतले. प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काढली आहेत. आजवर त्रेसष्ट बायकांचे कागद वाचले, रायापूरच्या आणि अळणावरकडच्या.

४ फेब्रुवारी
मेधाला फोन. म्हटले, औषध उन्हाने मेले असेल. त्याच डब्यातले तिच्याकडे नीट चालतात म्हणे. मग सीतेने थेंब नीट टाकला नसेल.

७ फेब्रुवारी
मेधाने ठरावीक साखरेच्या बारा कुप्या पाठवल्या. उत्तरे बंद पाकिटात. खिडकीशी बसून वाचले. पाकीट फोडले — पाच चूक. पाचही वेळा तिसऱ्याला मी दुसरा म्हटले आहे.

८ फेब्रुवारी
पुन्हा पाच.

१० फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखे होते, फिके निळे एकमेकांत मिसळतात. शस्त्रक्रिया मार्चअखेर. तोवर थांबता येणार नाही. त्रेसष्ट बायका पुन्हा तपासायच्या. वाचणार कोण?

११ फेब्रुवारी
सीतेला भेटले. आणखी पंधरा दिवस गेले असते तर अंगठा काढावा लागला असता, असे डॉक्टर म्हणाले. तिला सांगितले, चूक माझी. तिला नवल वाटले नाही.

तेव्हा आठवले. त्या दिवशी मोरीपाशी उभी राहून ती म्हणाली होती, “अक्का, तिसऱ्यागत दिसतंय की.” मी म्हटले होते, “तू गप्प बस. तुला काय कळतंय?”

आज विचारले, तुला कसे कळले? माझ्याकडे येण्याआधी ती सहा वर्षे कमरीपेठेत हिराबाईंच्या मॅचिंग सेंटरवर होती. दिवसभर साडीला ब्लाउजपीस जुळवायचे.

“एका आस्मानीत सोळा ठाण असत्यात, अक्का. चुकलं की गिऱ्हाईक तोंडावर फेकतंय.”

आठ महिन्यांत मी विचारलेच नव्हते.

१२ फेब्रुवारी
कुप्या घेऊन दवाखान्यात गेले. क्रम बदलला. तिने खाटेवर बसून बारा कागद वाचले. बाराही बरोबर.

२० फेब्रुवारी
सीता घरी आली. एकोणपन्नास बायका पुन्हा आल्या. तिने वाचले, मी लिहिले. चौघींना दवाखान्यात पाठवले. चौघींना मी ‘ठीक’ म्हटले होते. प्रत्येकीला तसे तोंडावर सांगितले. एकीने विचारले, मग आधी डोळे का दाखवले नाहीत? तिची दवाखान्याची चिठ्ठी आधी लिहून दिली.

२६ फेब्रुवारी
उरलेल्या चौदाजणी अळणावरकडच्या. दोघी बसने जाऊन आलो. आणखी एक सापडली. यादी संपली.

१ मार्च
आजपासून वाचणे सीतेकडे. पहिला कागद माझाच ठेवला. मी पट्टीवर वाकून दुसरा म्हणणार, तोच —

“अक्का, जरा गप बसा. बघू द्या.”

तिसरा.

सीतेला दिले: रंगपट्टी, कागदांचे दोन डबे, चिमटा, घड्याळ, नावांची वही, खिडकीजवळची खुर्ची.
सीतेने मला दिली: दवाखान्याची चिठ्ठी.