मागच्या कुरणाबाबत, आणि एका मान डुलवण्याबाबत

पाच वर्षांपूर्वीची जानेवारीतली एक संध्याकाळ. घराबाहेर पडायला बंदी होती, त्यामुळे सगळ्या सभा लॅपटॉपवर व्हायच्या. माझे यजमान, डॉ. पद्माकर, जेवणाच्या टेबलाशी अशाच एका सभेला बसले होते. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, चहात आलं घालू?" त्यांनी माझ्याकडे वळून मान डुलवली. मी आलं किसून घातलं. सभा संपल्यावर तो चहा आम्ही खिडकीशी उभं राहून, मागच्या कुरणाकडे बघत प्यायलो. बाकी काही घडलं नाही. मृत्युपत्राची सुरुवात चहाने का केली, ते पुढे येईल.

मी, श्रीमती सुमेधा पद्माकर मुलमुले, वय वर्षे सदुसष्ट, मूळची नागपूरची, हल्ली राहणार ॲडम्सटाउनच्या पुढे किलब्रॅकन रस्त्यावरचं शेवटचं घर, काउंटी डब्लिन, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे मुद्दाम सांगते, कारण गेल्या वर्षभरात बरेच लोक मला गोड आवाजात "तब्येत बरी आहे ना?" असं विचारू लागले आहेत, आणि विचारताना त्यांची नजर खिडकीबाहेर कुरणावर असते. हे लिहिताना माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला नाही, असं मात्र मी लिहून देणार नाही.

मूळ मृत्युपत्र हे मराठीतलंच समजावं. सॉलिसिटर बाई त्याला इंग्रजी भाषांतर जोडतील. शंका आली तर मराठी जाणणाऱ्या माणसाला विचारावं. न विचारल्याने काय होतं, ते तिसऱ्या कलमात आहे.

कलम पहिले. माझी एकुलती एक मुलगी सानिका हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि माझे दागिने तिचे. सानिका, घर विकायचं असेल तर खुशाल वीक. तू गॉलवेला रमली आहेस, आणि या घरासाठी तू परत यावंस अशी माझी इच्छा नाही. फक्त घर विकताना कुरण त्यात धरू नकोस. ते तुझं नाही. तुला ते आधीच माहीत आहे, आणि तू फोनवर म्हणालीस, "आई, दॅट्स फेअर." तेवढं मला पुरे आहे.

कलम दुसरे. गरम पाण्याच्या टाकीशेजारचं कपाट, ज्याला इथे हॉट प्रेस म्हणतात, त्यात खेळाडू मुलींच्या जर्सी, मोजे आणि टॉवेल आहेत. इतकी वर्षं पावसात भिजून आलेल्या मुलींचे कपडे मी तिथे वाळवले. ते सगळं ज्या मुली त्या वेळी खेळत असतील त्यांचं. हिरवी, कोपरावर ठिगळ लावलेली जर्सी सानिकाची आहे. ती सानिकाकडे जावी.

कलम तिसरे. घरामागचं कुरण.

हे घर घेतलं तेव्हा त्याच्यामागे गवताळ जमीन मिळाली. कुंपणापलीकडे किलब्रॅकन कॉलेजचं मैदान आहे. तिथे इथला फुटबॉल खेळतात, ज्यात चेंडू पायाने मारतात तसा हातातही घेतात. मुख्य मैदान मुलांना मिळायचं, मुली कुठेतरी कडेला. एकदा त्यांचा चेंडू आमच्या कोथिंबिरीत पडला. चेंडू आणायला आलेल्या मुलीला हे म्हणाले, "इकडेच खेळा की." तेव्हापासून मुली आमच्या कुरणात खेळतात. त्यांचा क्लब कॉलेजच्या मालकीचा नाही, त्यांनी स्वतः काढलेला आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. हे भूलतज्ज्ञ. दिवसभर ऑपरेशनच्या खोलीत लोकांना झोपवायचे आणि शनिवारी मुलींच्या मुरगळलेल्या पायांना बर्फ लावायचे. पांढऱ्या रेषा मारायचं चाकही त्यांनीच आणलं. त्यांच्या रेषा वाकड्या यायच्या. मुली म्हणायच्या, "डॉक, तुम्ही स्वतःलाच भूल दिली का?"

आता प्रश्न असा आहे. कॉलेज सध्या आसपासच्या कॉलेजांच्या छोट्या लीगमध्ये खेळतं, आणि त्याच्या नावाने या मुलीही. सामन्याला जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी येता येतं. प्रतिस्पर्ध्यांची नावं मुलींना पाठ आहेत. त्यांच्यातल्या दोघींची तर आमच्या मुलींच्या भावांशी लग्नं जमली. आता कॉलेजला देशभरच्या मोठ्या लीगमधून बोलावणं आलं आहे. सामने इंटरनेटवर दिसतील, जाहिराती मिळतील, कॉर्कला आणि बेलफास्टला मुक्कामी जावं लागेल. पण मोठ्या लीगला प्रेक्षकांसाठी स्टँड लागतो आणि बसगाड्यांसाठी तळ लागतो. जागा एकच आहे. माझं कुरण.

म्हणून कॉलेजचे विकास अधिकारी श्री. डेक्लन कीओ माझ्याकडे येऊ लागले. येताना घरी भाजलेले स्कोन, म्हणजे इथले गोडसर छोटे पाव, आणायचे. स्कोन चांगले असतात, याची नोंद करते. मी विचारलं, "मुली कुठे खेळतील?"

ते म्हणाले, "मुलींचं काय, दे'ल बी ग्रँड."

इथे मला थोडं मागे जावं लागेल. नागपूरच्या आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नडेट होत्या, इथल्याच कॉर्ककडच्या. त्या उठता बसता 'ग्रँड' म्हणायच्या, आपण 'ठीक आहे' म्हणतो तसं. आम्ही शब्दकोशात बघितलं, अर्थ निघाला 'भव्य'. त्यामुळे आमची वरणाची वाटी, आमचं हस्ताक्षर, सगळं भव्य आहे असं आम्ही समजत होतो. आमचा थ्रोबॉलचा संघ गल्लीतल्या शाळांना हरवायचा. पद्मिनी कप्तान, मी तिच्या उजव्या हाताला. मग आम्हाला राज्यपातळीवर खेळायचं बोलावणं आलं. शाळाभर पेढे वाटले. आठवड्याभरात दुसऱ्या शाळांतून उंच मुली आणून भरती केल्या, आणि मी बुटकी म्हणून बाहेर. सिस्टरांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "यू'ल बी ग्रँड, सुमेधा." बस सुटली तेव्हा मी फाटकाशी उभी होते. पद्मिनीने खिडकीतून माझ्याकडे बघितलं नाही.

'ग्रँड' म्हणजे 'तुझा विषय संपला', हा अर्थ मला त्या फाटकाशी कळला. शब्दकोशात तो अजून नाही.

तेव्हा श्री. कीओ यांनी तो शब्द काढल्यावर माझे कान टवकारले. मी म्हणाले, "विचार करते." ते म्हणाले, "पण डॉक्टर तर हो म्हणाले होते." मी म्हणाले, "कधी?" ते म्हणाले, टाळेबंदीतल्या सभेत, मोठ्या लीगचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा. इतिवृत्तात तशी नोंद आहे, डॉक्टर एम. अनुकूल.

त्याच आठवड्यात माझा भाचा हृषीकेश आला. तो ब्लँचर्डस्टाउनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. एरवी गणपतीला उगवणारा मुलगा, फेब्रुवारीत चितळ्यांची बाकरवडी घेऊन दारात. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"मावशी, छोट्या लीगमध्ये किती दिवस कुजणार गं ते कॉलेज? स्केल नको का?"

"तुला कधीपासून फुटबॉल आवडायला लागला?"

"तसं नाही गं. जस्ट म्हणतोय. आणि काका तर हो म्हणाले होते ना?"

"हे तुला कोणी सांगितलं?"

त्याने बाकरवडीचं पाकीट फोडण्यात खूप वेळ घालवला. शेवटी कळलं की मोठ्या लीगमध्ये गेल्यास कॉलेजच्या जर्सीवर त्याच्या कंपनीचं नाव येणार आहे, आणि तो प्रकल्प त्याच्याकडे आहे. मी म्हणाले, "म्हणजे तू भाचा म्हणून आलास की कंपनी म्हणून?" तो म्हणाला, "मावशी, तू ना, टू मच संशयी झाली आहेस." असेन. पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

पुढच्या खेपेला श्री. कीओ लॅपटॉप घेऊन आले. सभेचं चित्रण त्यांच्याकडे होतं. बटण दाबलं, आणि माझे यजमान पडद्यावर हलले.

ते गेले त्याला तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती. फोटो खूप आहेत, पण फोटोतला माणूस हलत नाही. चौकडीचा स्वेटर, चष्मा कपाळावर. कोणीतरी विचारत होतं, आपण मोठ्या लीगकडे जावं का, आणि वेळ आली तर डॉक्टर, तुमची मागची जमीन? आणि ह्यांनी मान डुलवली.

"बघा," श्री. कीओ म्हणाले, "स्पष्ट आहे."

मी म्हणाले, "पुन्हा लावा."

त्यांनी लावलं. मी म्हणाले, अजून एकदा. त्यांना वाटलं मी विरघळते आहे, म्हणून त्यांनी आवाजही वाढवला. तेव्हा मला ते ऐकू आलं. मागून, भांड्यांच्या आवाजातून, माझाच आवाज. "अहो, चहात आलं घालू?" आणि हे कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. मान उजवीकडे वळवून, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून त्यांनी ती डुलवली होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. श्री. कीओ यांनी टिश्यू पुढे केला आणि हळूच विचारलं, "ते हो म्हणताहेत, बरोबर?"

"हो," मी म्हणाले. "मला म्हणताहेत."

"अगदी! तुम्हालाच, आम्हा सगळ्यांनाच."

मी वाद घातला नाही. चित्रणाची प्रत मागितली. त्यांनी चहा संपायच्या आत पाठवली.

तरी मी इथे शपथेवर लिहून ठेवते: डॉ. पद्माकर मुलमुले यांनी त्या सभेत फक्त आल्याला संमती दिली. जमिनीला नाही. आणि प्रामाणिकपणे हेही लिहिते की त्यांनी नकारही दिला नाही. चहा पिताना आम्ही सानिकाच्या बदलीबद्दल बोललो, कुरणाबद्दल नाही. त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक नाही. म्हणून त्यांच्या नावावर हो कोणी खपवू नये, आणि नाही मीसुद्धा खपवणार नाही.

निर्णय माझा आहे. तो देण्याआधी मी एका व्यक्तीला विचारलं, जिला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. मुलींची कप्तान, नीव. ती चिखलाचे बूट हातात घेऊन मागच्या दाराशी आली होती. मला खात्री होती, ती म्हणेल आम्हाला इथेच राहू द्या. ती म्हणाली, "मिसेस एम., मला मोठ्या लीगमध्ये खेळायचंय. आम्ही छोट्यांनाच हरवतो असं सगळे म्हणतात. खरंच चांगल्या आहोत का, ते मला कळायला हवं."

"आणि त्यांनी बाहेरून उंच मुली आणल्या तर?"

"तर त्यांच्याहून जास्त पळेन." मग बूट खाली ठेवून, "पण कॉलेजच्या कागदात आमचं नावच नाहीये. बघितलंत का तुम्ही?"

बघितलं. नव्हतं. माझा संशय खरा ठरला, आणि माझं मत खोटं. दोन्ही एकाच दाराशी.

म्हणून: कुरण मी कॉलेजला देत नाही. ते मी मुलींच्या फुटबॉल क्लबला देते. विश्वस्त म्हणून नीव, सानिका, आणि दर वर्षी मुली निवडतील ती तिसरी. मोठ्या लीगमध्ये जायचं की नाही, हे खेळणाऱ्या मुलींनी मत देऊन ठरवावं. जायचं ठरलं तर आनंदाने जावं, फक्त कॉलेजकडून आपलं नाव लेखी घेऊन मगच जावं. कुरणावर गवतच राहील. स्टँड नाही, डांबर नाही, बसगाड्या नाहीत. मत देताना हात वर करावा किंवा तोंडाने बोलावं. मान डुलवलेली धरू नये. आणि मी नसेन तेव्हा माझी मान कोणी हलवू नये.

कलम चौथे. रेषा मारायचं चाक नीवला. रेषा सरळ आल्या तर कोणी मारल्या ते मला वरून कळेल.

कलम पाचवे. नागपूरच्या पद्मिनीला माझ्या शाळेची निळी रिबन द्यावी. ती लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. मागे फोनवर मी बसचा विषय काढला तर म्हणाली, "काहून गं, पन्नास वर्षं झाली, अजून तिथंच उभी आहेस?" हो, पद्मे, उभी होते. आता निघते. तू खिडकीतून बघितलं नाहीस कारण तू रडत होतीस, असं तू म्हणतेस. माझा विश्वास नाही. तरी रिबन घे.

कलम सहावे. श्री. डेक्लन कीओ यांचा स्कोनचा डबा धुऊन, पुसून त्यांना परत द्यावा. रिकामा देऊ नये, आपल्यात देत नाहीत. त्यात आल्याच्या वड्या भराव्यात.

कलम सातवे. हृषीकेश याला या मृत्युपत्रानुसार काहीही मिळणार नाही. इथल्या कायद्याने साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, म्हणून मी त्याला मुद्दाम साक्षीदार केलं आहे. त्याला मराठी वाचता येतं, त्यामुळे तो सही करेल तेव्हा मजकुरावर माझा हात असेल. हे वाचून त्याने रागावू नये. त्याला आवडणारा माझा छोटा कुकर मी त्याला जिवंतपणीच दिला आहे. दुसरी साक्षीदार शेजारची ब्रेडा नोलन. तिला मराठी येत नाही आणि तिने आजवर कोणाचीच स्तुती केलेली नाही, त्यामुळे तिला कोणी गोड बोलून वळवलं असा आरोप होणार नाही.

कलम आठवे आणि शेवटचे. श्री. कीओ यांनी पाठवलेल्या चित्रणाची प्रत माझ्या फोनमध्ये आहे. एक प्रत मुलींच्या क्लबला द्यावी, पुरावा म्हणून. फोनमधली सानिकाला. सानिका, तुझे बाबा आणि मी एकत्र असलेलं हे एकच चित्रण आहे, आणि त्यात मी दिसत नाही. आवाज पूर्ण मोठा कर, सभेतल्या लोकांकडे लक्ष देऊ नकोस, आणि ते दाराकडे वळतात तेव्हा बघ.

लिहून देणार: सुमेधा पद्माकर मुलमुले (सही)

आम्हा दोघांच्या देखत वरील सही झाली, आणि लिहून देणारीच्या देखत आम्ही सह्या केल्या:
१. हृषीकेश देवदत्त घाटे, ब्लँचर्डस्टाउन (सही)
२. ब्रेडा नोलन, किलब्रॅकन रस्ता (सही)

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल, काउंटी डब्लिन
दिनांक: १४ मार्च २०२६