पाकळीच्या तळाशी डाग

५ ऑक्टोबर १९६८
आज आणखी एक बोंड गळालं, चौऱ्याहत्तरावं. अमेरिकन कपाशी आई, सुरती देशी बाप. एकाच शेतात, एकाच उन्हात, तरी जमत नाही. दुपारी कळी सोलून पुंकेसर काढायचे, लाल कागदी टोपी घालायची, सकाळी देशीचा पराग लावायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी देठातून खाली. आमच्या सुरतच्या कापूस संशोधन केंद्राचे देसाईसाहेब म्हणतात, हे गळणं हीच दोन जातींमधली भिंत. देशीत सव्वीस गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये बावन्न. मी म्हटलं, भिंतीला फट असेलच कुठेतरी. "घेली छे तू," म्हणाले, म्हणजे वेडी आहेस. राग आला. थोडं आवडलंही.

१४ ऑक्टोबर
पाच तारखेला लावलेलं एक बोंड नवव्या दिवशीही घट्ट, हिरवंगार. साहेबांना मुद्दाम सांगितलं नाही. कळ्या सोलणाऱ्या बायकांत सगळ्यात हलक्या हाताची रखमाताई, आमच्या धुळ्याकडची, आता इथे लिंबायतला राहते. जाता-येता बोंडाला हात जोडते. "तुले सांगस माय, हाई आते नही पडस." आनंद पोटात मावत नाही.

१० डिसेंबर
बोंड फुटलं, आणि गेलं! झाडावर नुसतं रिकामं टरफल. बायकांनी वेचणीआधी आपल्याकडच्यासारखी सीतादहीची पूजा केली. दहीभात, हळदकुंकू, पहिल्या कापसाची वात. रखमाताई नवस बोलली होती म्हणे, बोंड टिकलं तर त्याचाच कापूस देवीला. मी विचारलं, सरकी तरी कुठंय?
"सरकी कोन फेकस? बी शे ती." तिने पदराची गाठ सोडली. एकतीस. पण दुसऱ्या एका साध्या अमेरिकन बोंडाचीही त्यातच मिसळलेली. देवीवर चिडता येईना, रखमाताईवर तर मुळीच नाही. साहेब पोट धरून हसले. म्हणाले, सगळ्या लाव.

१ जुलै १९६९
बावीस उगवल्या. आपली कोणती, देव जाणे. अमेरिकन फूल कोरं, मलईच्या रंगाचं; देशी पिवळं, पाकळीच्या तळाशी लाल डाग. तेव्हा डाग दिसला तर ते आमचं. तोवर रोज रोपांसमोर उकिडवी बसते. बायका हसतात.

२२ सप्टेंबर
अठरा झाडं फुलली. अठराही कोरी. जेवण गेलं नाही.

२५ सप्टेंबर
डाग आहे. एकोणिसाव्या झाडावर, फिकट पिवळ्या पाकळीच्या तळाशी. दोनदा चष्मा पुसला. साहेब इस्त्रीच्या पँटीनिशी चिखलात गुडघे टेकून भिंगाने बघत राहिले. मग स्वतः जाऊन घारी आणली, अख्ख्या शेताला वाटली. घरी दादा, नुकताच मिलमधून आलेला: "फुलाला डाग पडला म्हणून मिठाई?" त्याला काय सांगू. तीन घाऱ्या खाल्ल्या त्याने.

२ नोव्हेंबर
फुलांवर फुलं, बोंड एकही नाही. परागकोश सुके. दोघांची निम्मी-निम्मी मिळून एकोणचाळीस गुणसूत्रं आली वाट्याला, त्यांच्या जोड्याच लागत नाहीत. साहेब मात्र खूश. म्हणाले, भिंती दोन असतात, पहिली ओलांडलीस. रखमाताईने विचारलं, "मंग हाई बिचारी एकलीच?" आणि मला साहेबांदेखत रडू फुटलं.
साहेबांनी कपाटातून एक विषारी औषध काढलं. त्यात भिजवलेला बोळा कोंबावर ठेवायचा. गुणसूत्रं दुप्पट झाली तर प्रत्येकाला जोडीदार मिळेल. दहा कोंबांना लावलं.

८ फेब्रुवारी १९७०
नऊ कोंब जळाले. दहाव्याची पानं जाड, काळपट हिरवी. आज त्यावर पहिलं फूल. रखमाताईने परागकोशाला बोट लावलं नि माझ्यासमोर धरलं. पिवळी पूड! मग तिने त्याचाच पराग त्यालाच लावला, मी टोपी घातली. साहेब म्हणतात, बोंड धरलं आणि बी उगवलं, तर ही आईचीही नाही, बापाचीही नाही, तिसरीच जात. धरलं तर.
दादा धुळ्याला चल म्हणतो, चुलतभावाचं लग्न आहे गुरुवारी. म्हटलं, जमणार नाही, मला इथे एका देठापाशी बसायचंय.