माझ्या तोंडून राव

धारगळ
१४ जानेवारी २०२४

चि. सौ. तारास,
अ. आ.

शुक्रवारचा बाजार उठल्यावर म्हापशाच्या स्टँडवर आपण दोघी पेडण्याच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो, तुझ्या स्कर्टची हेम सुटून लोंबत होती आणि मी ती सेफ्टीपिनेनं टाचत होते. तू उंडा पाव खात होतीस. नेमक्या मागून शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर आल्या. पिन वरून दिसते म्हणून त्यांनी तिथंच ती काढायला लावली, पिशवीतून सुईदोरा दिला आणि म्हणाल्या की सुलट बाजूला दिसतो तो टाकाच नव्हे. आपली गाडी चुकली. तू मात्र माझ्या वाटणीचाही उंडा संपवलास.

हे आठवायचं कारण मागच्या अंगणातलं काम. लेकीनं, गौरवीनं, पुण्याहून फर्मान काढलंय. मोपाला विमानतळ झाला, तर आता मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि शेताकडच्या बाजूला लाकडी डेक बांधायचा. मी त्याला आपला सोपोच म्हणते, बसायचा ओटा तो. सुतार कागलकडचा आहे, धोंडिबा नावाचा, गोव्यात पहिल्यांदाच आलाय. तो फळीच्या कडेला लांब खाच मारतो, खाचेत पोलादी चाप बसवतो, चापातून स्क्रू खालच्या वाशात पिळतो आणि पुढची फळी लाकडी मोगरीनं ठोकून त्याच चापात घुसवतो. वरून बघशील तर खिळ्याचं डोकंसुद्धा नाही. फळीचं टोक कापलं की लगेच त्याला मेण चोळतो. लाकूड पाणी टोकानं पितं, म्हणे. दोन फळ्यांत फट ठेवतो, पावसाचं पाणी खाली गळावं म्हणून. सिस्टरांची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाला, त्या बाई सुतारकीत आल्या असत्या तर आमच्या पोटावर पाय आला असता, राव.

हे 'राव' त्याच्या प्रत्येक वाक्याला असतं. चहा झकास राव, ऊन लई राव. आपल्या कोंकणीत राव म्हणजे थांब, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी तो राव म्हणाला की मी जागच्या जागी थबकायची. आता मीच त्याला राव म्हणून हाक मारते.

आमचा दीर शिवदास मात्र फुगून बसलाय. घर एक, चुली दोन, अंगण अजून वाटलेलं नाही. विचारलं तेव्हा हो म्हणाला होता. आता म्हणतो, वयनी, मला वाटलं चार फळ्यांचं बाकडं असेल.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहीत जा. आहेस तशीच माझी राहा.
तुझी,
ताई


सुर्ला
२३ जानेवारी २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा अर्धा उंडा तू स्वतःहून दिला होतास, हे सिस्टरांना विचार, त्या वर भेटतील तेव्हा.

इकडे सगळं लाल. खाणीचे ट्रक पुन्हा चालू झालेत, वाळत घातलेली साडी संध्याकाळी विटेच्या रंगाची होते. आमचे हे खोकतात आणि तुझ्या डेकचं कौतुक करतात. म्हणतात, मेहुणीबाई आता पाय पसरून सूर्यास्त बघणार. मी म्हटलं, तिला गुडघे पसरता आले तर ना!

थट्टा पुरे. ताई, शिवदासला जप. तू त्या घरात गेलीस तेव्हा तो शेंबडा पोर होता आणि तुझ्या हातानं जेवायचा, म्हणून तुला तो अजून तेवढाच दिसतो. आता तो पितो. त्याला समोर बसव, अंगणाचं बोलून घे, मग पुढची फळी ठोकू दे तुझ्या रावांना.
पत्राला उशीर झाला म्हणून माया पातळ झाली असं समजू नको.
तुझी,
तारा


धारगळ
२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. तारास,
अ. आ.

तुझं ऐकायला हवं होतं.

सोमवारी शिवदास सोप्यावर चढू लागला. धोंडिबानं टोकांना मेण लावलेलं, ते ओलं होतं. गुडघ्यांवर बसल्या बसल्याच तो गयावया करत म्हणाला, राव, राव, पाय नका ठेवू. शिवदासला ऐकू आलं ते एवढंच, की भायला, बाहेरचा माणूस मला माझ्याच अंगणात थांब म्हणतो. त्यानं खाली वाकून धोंडिबाच्या तोंडावर अशी बुक्की मारली की नाकातून रक्ताची धारच लागली. मग केस धरून त्याचं डोकं वाशावर आपटलं. शेवंती धावत आली आणि तिनं नवऱ्याला ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी तो पहार घेऊन आला, सगळं उचकटायला. पण पहार घालणार कुठं? ना खिळा, ना डोकं. फटीत पहारीचं टोक जात नाही. तो घामाघूम होऊन फळ्यांवर घाव घालत राहिला, आणि कुंपणापाशी जमलेले लोक हसले. तारा, त्यांनी हसायला नको होतं. धोंडिबानं साध्या मनानं सांगितलं की हे शेवटच्या फळीकडून सुटतं, मधून नाही. ते तर आणखीच झोंबलं.

नाकात कापूस घालून बसलेल्या धोंडिबाला मी रावचा घोटाळा समजावला. मिशीत रक्त वाळलेलं, तरी तो हसला. मग त्यानं विचारलं की तुम्ही राव म्हणाला तर मी यायचं की थांबायचं? मी म्हटलं, माझ्या तोंडून राव म्हणजे तूच. थांबायचं असेल तेव्हा मी थांब म्हणेन.

एक फळी राहिली आहे. ती बसली की मी शिवदासकडे जाऊन बसणार आहे.
काळजी कमी कर, आठवण कमी करू नको.
ताई


धारगळ
१९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. तारास,
अ. आ.

बांबोळीच्या इस्पितळात तू आलीस तेव्हा मी बोलू शकले नाही. ओठ शिवलेला होता आणि शेवंती समोर बसली होती. आता लिहिते.

दुपारची वेळ. धोंडिबा शेवटची फळी ठोकत होता. शिवदास कोयता घेऊन आला. पहिला घाव धोंडिबाच्या दंडावर बसला. मांस उघडं पडलं, फणसाचा गर दिसतो तसं. मी मध्ये पडले. शिवदासनं माझा अंबाडा धरला आणि मला तोंडावर आपटलं, एकदा, दोनदा. माझे पुढचे दात फळीवर पडलेले मी पाहिले. तो माझ्या पाठीवर गुडघा देऊन बसला होता. त्याच्या श्वासाचा वास मला येत होता. वयनी म्हणत होता, तारा. मारताना वयनी म्हणत होता.

धोंडिबानं डाव्या हातानं मोगरी उचलली आणि त्याच्या खांद्यावर घातली. कोयता खाली शेतात पडला. शिवदास माझ्यावरून बाजूला कलंडला, हात वर करून. संपलं होतं. मला दिसलं की संपलं, आणि मी ओरडले, राव! राव रे!

दात पडलेल्या, रक्तानं भरलेल्या तोंडाला थांब हा शब्द सुचला नाही. आईकडून आला तोच शब्द आला.

धोंडिबानं माझ्याकडे पाहिलं. हाक ऐकल्यावर माणूस बघतो तसं पाहिलं. मी पडलेली, रक्तबंबाळ, त्याला बोलावणारी. त्यानं मोगरी कानशिलावर घातली. मी पुन्हा ओरडले, त्यानं पुन्हा घातली. नारळ फुटतो तसा आवाज झाला. रक्त फळ्यांवर साचलं नाही. त्यानं ठेवलेल्या फटींतून ते खाली गळत राहिलं, आणि मी त्याचे थेंब मातीवर पडताना ऐकले. मला, जिला फोन ऐकू येत नाही.

ज्याला मी भात भरवला तो गेला. ज्यानं मला वाचवलं तो पेडण्याला कोठडीत आहे. कुणासाठी रडू ते मला कळत नाही.
तू मनातून ढळू नको.
ताई


सुर्ला
२६ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शेवंती इथवर आली होती. पांढऱ्या कपाळानं माझ्या ओट्यावर बसली आणि पाणीसुद्धा घेतलं नाही. तिनं पोलिसांना सांगितलं आहे की तू दोनदा थांब म्हणालीस आणि तरी त्यानं मारलं. ताई, ती खोटं बोलत नाही. तिनं घरातून ऐकलं तेच सांगितलं. धोंडिबा म्हणतो की बाईंनी मला हाक मारली, आणि ठाण्यात सगळे हसले म्हणे. धारगळात कोण राव म्हणून हाक मारतो?

शेवंतीचं म्हणणं एवढंच आहे की तू जबानीत राव म्हणाले असं सांग आणि गप्प बस. त्याहून एक शब्द जास्त नको. तिच्यासोबत आलेल्या तिच्या गौरेशचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, मोठी आई बापाला मारणाऱ्याची बाजू घेणार असेल तर ती अंगणासाठीच घेणार, आणि मग तिला त्याच फळ्यांवर आडवी करीन. पोरानं हे आईच्या देखत म्हटलं.

मी तुझी धाकटी. मी म्हणते, गप्प बस. धोंडिबाची बायको भागीरथी कागलहून आली आहे, तिचं वाईट वाटतं, पण ती माझी बहीण नाही. तू आहेस. रागावलीस तरी चालेल, जिवंतपणी रागाव.
तारा


धारगळ
५ मार्च २०२४

चि. सौ. तारास,
अ. आ.

रागावले नाही. तुझं पत्र उशाशी घेऊन झोपले.

काल सकाळी काळू दारात पडलेला होता, मान मोडलेला. गरीब कुत्रा. गौरेशला त्यानं कधी भुंकूनही दाखवलं नव्हतं, शेपटी हलवतच गेला असेल. मी त्याला माडाखाली पुरलं.

उद्या मी पेडण्याला जबानी द्यायला जाते. शेवंतीनं ऐकलं ते खरं आहे. धोंडिबानं ऐकलं तेही खरं आहे, आणि ते खरं फक्त मला ठाऊक आहे, कारण मीच त्याला तसं शिकवलं. त्याला कळलं असतं तर तो थांबला असता का, असं विचारतील. मी शपथेवर सांगू शकत नाही. त्याच्या डोक्यात रक्त चढलं होतं. पण तो माझ्याकडे बघायला वळला होता, तारा. ज्याला मारायचंच असतं तो वळून बघत नाही. एवढं मी सांगणार.

आणि अंगणासाठी बोलले असं कुणी म्हणायला नको, म्हणून आधीच अंगणाचा माझा वाटा शेवंतीच्या नावावर लिहून दिला. गौरवी फोनवर रडली, मग हो म्हणाली. शेवंतीनं कागद घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही.

आता माझं काही झालं तर हे तू कर.

डेक उतरवून त्याच्या फळ्या भागीरथीला दे. तिला नकोशा वाटल्या तर विकू दे. धोंडिबाची हत्यारं माझ्या कोठीत पोत्यात आहेत, मोगरी सोडून. ती पोलिसांकडे आहे. तीही तिलाच. पाटल्या गौरवीला. शिवणाचं मशीन तुला, तुझी हेम अजून सरळ येत नाही. हे गेले, त्यांचे शर्ट अजून पेटीत आहेत, ते कुणालाही दे, पण धारगळात देऊ नको, रस्त्यात कुणाच्या अंगावर दिसतील.

सासूबाईंनी जाताना माझ्या हातात शिवदासची बारशातली चांदीची कडी दिली होती, हा तुझा म्हणून. ती गौरेशला. तू स्वतः जाऊन दे, शेवंतीच्या हाती देऊ नको. तो फेकील. फेकली तर उचलून घरी आण, चिंच लावून घास आणि पुढच्या गणेश चवथीला पुन्हा ने.
तुझी,
ताई