मावशीचा खराटा

रविवार, अर्नाळा

हसून हसून पोट दुखतंय. आज अंगणात चादर बांधून आमचा विनोदी मूकपट दाखवला. नितेशदादा खांद्यावर बांबू घेऊन गर्रकन वळतो आणि वाळत घातलेले बोंबील वाळूत पाडतो, एवढंच ठरलं होतं. पण बोंबील मावशीचे, आणि तिलाच सांगायचं राहिलं! शूटिंगच्या दिवशी ती खरोखर खराटा घेऊन त्याच्यामागे धावली. मी कॅमेरा चालूच ठेवला.

आज चिडेल का ती? माझा जीव टांगणीला. चादरीवर तो खराटा आला आणि मावशी पुढे झुकली. मग म्हणाली, "माजा आवाज कोनी खाल्ला?"

"मूकपट आहे गं, मावशी."

"मंग मी कशाला हाय?"

उठली, चादरीशेजारी उभी राहिली आणि त्या दिवशीच्या सगळ्या शिव्या नव्याने घातल्या. पहिल्याच शिवीला प्रेक्षकांत बसलेला नितेशदादा उठून पळाला.